मुळाशी काळी सावली दिसली की: दाताची फिल्म वाचायला शिकणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

बेळगावात इंटर्नशिप करणारी, नाहीतर खानापूर, निपाणी, चिकोडीकडं नुकतीच स्वतःची खुर्ची मांडलेली मुलं-मुली मला फोनवर दाताची एक्स-रे फिल्म पाठवतात. सोबत बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: "मॅडम, हे मुळाशी काळं दिसतंय, गळूच ना?" पुष्कळदा ते गळू नसतं. जबड्याच्या हाडात निसर्गानंच ठेवलेलं भोक, खळगा किंवा पोकळी असते, आणि ती त्या माणसात जरा वेगळ्या जागी, वेगळ्या आकाराची असते. ती ओळखायची कशी, हे मी इथं क्रमानं सांगते.

हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी खानापूर भागातल्या एक बाई आल्या. खालच्या उजव्या बाजूला दुखत होतं, बोट नेमकं कुठल्या दातावर ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. फिल्ममध्ये दुसऱ्या उपदाढेच्या टोकाशी गोल काळा डाग होता. मी भूल दिली, दात उघडला, तर आतून लालभडक रक्त आलं. नस जिवंत होती. भूल देण्याआधी मी दात तपासलाच नव्हता. चार दिवसांनी बाई तेच दुखणं घेऊन परत आल्या, तेव्हा मागच्या दाढेच्या फटीतली कीड मला सापडली. त्या संध्याकाळी डाव्या बाजूची फिल्म काढली. तिथंही त्याच जागी तसाच डाग. दोन्हीकडं मेंटल फोरॅमेन होतं, म्हणजे हनुवटीच्या नसेचं बाहेर पडायचं भोक. बाईंना मी झालं ते खरं सांगितलं. एक निरोगी दात मात्र कायमचा गेला, तो मी परत देऊ शकले नाही.

पायरी १: बटण दाबण्याआधी

आधी तोंडात बघा आणि बोट फिरवा. खालच्या उपदाढांच्या आतल्या अंगाला, जिभेकडं, हाडाचा कडक उंचवटा लागतो का? तो टोरस. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो, दुखत नाही, पेशंटला ठाऊकही नसतो. फिल्मवर तो मुळांवर पांढरा ढग होऊन बसतो. बोट फिरवलेलं असेल तर त्या ढगाचं कोडं पडत नाही.

तोंड किती उघडतं ते बघा. गुटखा-सुपारीनं गाल आखडलेली तरुण पोरं आपल्याकडं कमी नाहीत. त्यांच्या तोंडात फिल्म सरळ बसत नाही, वाकते, आणि वाकलेल्या फिल्मवर मूळ ताणलेलं किंवा मोडल्यासारखं दिसतं. अशी फिल्म वाचूच नका. शक्य असेल तिथं लहान मापाची फिल्म वापरा, नाहीतर सरळ ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांची एकच मोठी फिल्म, काढा.

ओपीजीआधी कुड्या, बुगड्या, नथ, चमकी, डोरलं, केसातले पिना, काढता येणारी कवळी, सगळं उतरवायचं. कुडीची फिरकी घट्ट बसलेली आजी म्हणते, "नको ओ डाक्टर, लगीन झाल्यापासनं काढलं नाही." तिला दोन मिनिटं द्या, फिरकीवर तेलाचा थेंब सोडा, पण काढून घ्या. ओपीजीत डाव्या कानातल्या सोन्याची दुसरी सावली उजव्या बाजूला उमटते. ती मूळ जागेपेक्षा वर, मोठी आणि धूसर असते, कारण किरणं थोडी खालून वर जातात. ही भूतसावली सायनसवर (वरच्या जबड्यातल्या हवेच्या पोकळीवर) किंवा वरच्या दाढांवर येऊन बसली की नवा माणूस तिला गाठ म्हणून लिहून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट जिभेची. जीभ टाळूला लागलेली नसेल तर मधल्या हवेचा काळा पट्टा वरच्या मुळांच्या टोकांवरून आडवा जातो आणि सगळ्याच दातांना रोग असल्यासारखं वाटतं. "जीभ वर लावा" एवढ्यानं काम होत नाही. पेशंटला एकदा आवंढा गिळायला सांगा. गिळताना जीभ आपोआप टाळूला जाते, तिथंच धरून ठेवायला सांगा. कानडी माणूस असेल तर "नालगी म्याल हच्चरी, अल्लाडब्याड्री" म्हणा, म्हणजे जीभ वर लावा, हलू नका. पेशंटच्या भाषेत सांगितलं की फिल्म पहिल्याच वेळी नीट येते, आणि दुसऱ्यांदा किरणं द्यावी लागत नाहीत. ओपीजीला गळ्याची शिशाची पट्टी बांधू नका, ती किरणांच्या वाटेत येते आणि खालचा जबडा झाकते.

पायरी २: सावलीला नाव द्यायची घाई नको

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या.

खोलीतला उजेड कमी करा. मुळाच्या टोकाशी काळं दिसलं की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला: लॅमिना ड्यूरा, म्हणजे मुळाभोवतीची ती बारीक पांढरी रेघ, टोकाला वळसा घालून अखंड जाते का? आणि रेघ नि मूळ यांच्यामधली काळी फट सगळीकडं सारख्या रुंदीची आहे का? दोन्हीची उत्तरं हो असतील तर तो डाग दाताचा नसण्याची शक्यता मोठी. रोग दाताच्या नसेतून येत असेल तर तो आधी हीच रेघ खातो आणि हीच फट रुंद करतो.

दुसरा: दात जिवंत आहे का? थंड चाचणीसाठी महागडा स्प्रे नसला तरी चालतं. भुलीच्या सुईचं प्लास्टिकचं टोपण पाण्यानं भरून फ्रीजरमध्ये उभं ठेवा, बर्फाची कांडी तयार होते. दात कापसानं कोरडा करा, आधी तोंडाच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच दाताला कांडी लावा, मग संशयाच्या दाताला. पेशंटला आधीच सांगून ठेवा, "गार लागलं की हात वर करा, गेलं की खाली." दोन्ही दातांना सारखंच लागलं आणि लगेच गेलं, तर ड्रिल खाली ठेवा.

तिसरा: कोन बदलला तर डाग सरकतो का? एक्स-रेची नळी आडवी साधारण २० अंश फिरवून दुसरी फिल्म घ्या. डाग मुळाला चिकटून राहिला तर तो मुळाचा. मूळ सोडून बाजूला गेला तर तो त्याच्या पुढच्या किंवा मागच्या हाडातला. यामागचा नियम क्लार्कनं १९१० मध्ये मांडला. परीक्षेला इंग्रजी आद्याक्षरं पाठ केली असतील, पण मी मुलांना असं सांगते: रस्त्यानं चालताना जवळचं झाड मागं जातं आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालतो. तोंडात गालाकडची वस्तू म्हणजे ते झाड, जिभेकडची किंवा टाळूकडची म्हणजे तो डोंगर. नळी ज्या बाजूला नेली त्याच बाजूला सरकलेली सावली आतली, उलट सरकलेली बाहेरची. मेंटल फोरॅमेन गालाच्या अंगाला असतं, म्हणून ते उलट सरकतं.

मेंटल फोरॅमेन साधारणपणे दोन उपदाढांच्या मध्ये किंवा दुसरीच्या टोकाखाली असतं. काहींत पुढं असतं, काहींत मागं, आणि काहींत एका बाजूला दोन भोकंही असतात. नस बाहेर पडण्याआधी काही जणांत पुढं जाऊन वळसा घेऊन मागं येते. तिथं इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम दाताचा स्क्रू, बसवायचं असेल तर भोकाच्या पुढची जागा मोकळी आहे असं धरून चालू नका.

याच पायरीवर एक उलटी सावधगिरी. फिल्म स्वच्छ आहे म्हणून दात निरोगी ठरत नाही. रोग हाडाच्या आतल्या जाळीदार भागातच असेल तर साध्या फिल्मवर तो लपू शकतो, बाहेरचं कठीण हाड खाल्लं गेलं की मगच स्पष्ट दिसतो. दात ठोकल्यावर दुखतो, थंडाला उत्तर देत नाही आणि फिल्म मात्र चांगली, असं झालं तर दातावर विश्वास ठेवा.

मुलांच्या फिल्ममध्ये आणखी एक फसगत होते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या उपदाढेचं मूळ अजून बनत असतं, टोक उघडं असतं आणि त्याखाली काळा गोल दिसतो. तो वाढीचा भाग. त्याच्याभोवती स्वच्छ पांढरी कड असते आणि तोंडाच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच असतं. चाळिशीच्या आसपासच्या बाईच्या खालच्या पटाशीच्या दातांखाली एकापेक्षा जास्त काळे गोल दिसले आणि सगळे दात जिवंत असले, तर सिमेंटो-ऑसिअस डिस्प्लेसियाचा, म्हणजे हाडातल्या एका निरुपद्रवी बदलाचा, विचार करा. सुरुवातीला तो पूर्ण काळा असतो, वर्षांनी आतून पांढरा होत जातो. त्याला रूट कॅनल लागत नाही, वेळोवेळी बघत राहणं लागतं.

पायरी ३: वरचा जबडा

समोरच्या दोन पटाशीच्या दातांच्या मध्ये, लगेच मागं टाळूवर एक भोक असतं, इन्सिसिव्ह फोरॅमेन. कोन जरा तिरका गेला की ते एका दाताच्या टोकावर चढून बसतं. ६ मिलिमीटरपर्यंत रुंदी नेहमीची, १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर सिस्टचा (द्रवानं भरलेल्या गाठीचा) संशय घ्या. मधल्या मापाला टाळूवर सूज आहे का, खारट स्राव येतो का ते विचारा आणि काही महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा फिल्म घ्या.

सायनसचं प्रकरण मोठं. मॅक्सिलरी सायनस प्रत्येकात वेगळा असतो. कुणाचा दाढांच्या वरच थांबतो, कुणाचा मुळांच्या मधून खाली उतरतो, दाढ काढलेल्या जागी तर आणखी खाली येतो. त्यात हाडाचे पडदेही असतात, आणि दोन पडद्यांच्या मधली जागा हुबेहूब सिस्टसारखी दिसते. सायनसची कड बारीक, सलग पांढरी असते, आणि भिंतीवरून रक्तवाहिन्यांच्या बारीक काळ्या रेघा जाताना दिसल्या तर समजा की सायनसच बघतोय. मूळ सायनसमध्ये घुसल्यासारखं दिसलं तरी पुष्कळदा ते सायनसच्या शेजारून गेलेलं असतं, फिल्मवर फक्त एकावर एक पडतं. तरीही अशी दाढ काढताना जपून काढा, आणि पेशंटला आधीच कल्पना द्या.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी पट्ट्यातून येणाऱ्या पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं. संततधार पाऊस, आठ दिवसांची सर्दी, आणि "वरच्या सगळ्या दाढा दुखायल्यात" अशी तक्रार. मी एकच विचारते: रोप लावायला वाकलं की जास्त ठणकतं का? हो म्हणाले, आणि दोन-तीन दाढा ठोकल्यावर सारख्याच दुखल्या, पण थंडाला सगळ्या नीट बोलल्या, तर मी दाताला हात लावत नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पाठवते. एका बाजूचाच सायनस भरलेला असेल आणि घाण वास येत असेल तर मात्र उलटा विचार करा. तेव्हा एखादी मेलेली वरची दाढच सायनस बिघडवत असते.

गालाच्या हाडाची इंग्रजी यू अक्षरासारखी पांढरी सावली वरच्या पहिल्या-दुसऱ्या दाढेच्या मुळांवर पडते आणि टोकं दिसेनाशी करते. एक्स-रेची नळी फार वरून धरली की ती हमखास पडते. होल्डर वापरा, फिल्म दाताला समांतर ठेवा, बऱ्याचदा एवढ्यानंच मुळं मोकळी होतात.

पायरी ४: खालचा जबडा

खालच्या दाढांच्या मुळांखाली जिभेकडच्या अंगाला लाळग्रंथीसाठी खळगा असतो. तिथं हाड पातळ, म्हणून फिल्म काळपट आणि धूसर. तो बघून घाबरू नका, पण इम्प्लांट बसवताना विसरूही नका. आतल्या बाजूला हाड खोल गेलेलं असेल तर ड्रिल जिभेखाली बाहेर पडतं, आणि तिथला रक्तस्राव श्वास कोंडेपर्यंत जाऊ शकतो.

स्टॅफ्नेनं १९४२ मध्ये वर्णन केलेली पोकळी ओपीजीत अचानक भेटते. जबड्याच्या कोनाजवळ, नसेच्या नळीच्या खाली, ठळक कडेचा अंडाकृती काळा डाग, पेशंटला काहीच त्रास नाही. नळीच्या खाली ही खूण महत्त्वाची, कारण दातातून आलेले रोग सहसा नळीच्या वर असतात. तिला कापायचं नसतं.

अक्कलदाढ काढायच्या आधी नसेची नळी नीट शोधा. रूड आणि शेहाब यांनी १९९० मध्ये ओपीजीवरच्या खुणा एकत्र करून मांडल्या: नळी ओलांडताना मूळ काळं पडणं, मूळ वळणं किंवा निमुळतं होणं, टोक काळं आणि दुभंगलेलं दिसणं, नळीची पांढरी कड तुटणं, नळी वाट बदलणं, नळी अरुंद होणं. यातली मूळ काळं पडणं, कड तुटणं आणि नळी वळणं या तीन मी सगळ्यात गंभीर धरते. काही माणसांत नळीच दोन फाट्यांची असते. भूल दोनदा नीट देऊनही खालची दाढ बधिर होत नसेल तर पेशंटला "घाबरतो" म्हणून दटावू नका. ओपीजी पुन्हा बघा, दुसरा फाटा दिसतो का ते शोधा.

ओपीजीच्या कडांवरही नजर टाका. कानाखालून येणारी पांढरी काडी म्हणजे स्टायलॉइड. ती ३ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल आणि गिळताना, मान वळवताना घशात टोचत असेल, तर ते ईगलनं १९३७ मध्ये सांगितलेलं दुखणं असू शकतं. लांब आहे पण त्रास नाही, तर फक्त नोंद करा. जबड्याच्या मागच्या भागावरचे पांढरे ठिपके बहुधा टॉन्सिलमधले खडे असतात.

पांढऱ्या डागांबद्दल थोडक्यात. जिवंत दाताजवळ, फट अखंड असताना, एकसारखा पांढरा डाग असेल तर ते दाट हाडाचं बेट, तसंच सोडा. खोल कीड लागलेल्या किंवा नस मेलेल्या दाताच्या टोकाशी पांढरं दिसलं तर ते जुन्या दाहाला हाडानं दिलेलं उत्तर, तिथं उपचार लागतो. दाताच्या मानेशी दोन्ही बाजूंना दिसणारी काळी त्रिकोणी सावली मात्र कीड समजून भरत बसू नका. मुळाचा तो भाग पातळ असतो, किरणं जास्त जातात. एक्सप्लोररनं चाचपून बघा, टणक लागला की सोडा.

पायरी ५: मुळं आणि नळ्या मोजणं

खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळं, हे पुस्तकातलं. आपल्या भागातल्या पेशंटमध्ये मला तिसरंही मूळ भेटतं, मागच्या मुळाच्या आतल्या अंगाला, बारीक आणि गालाकडं वळलेलं. काराबेलीनं १८४४ मध्येच त्याचा उल्लेख केला होता, त्याला रॅडिक्स एन्टोमोलॅरिस म्हणतात. सरळ फिल्ममध्ये ते मागच्या मुळाच्या आड लपतं. मागच्या मुळाची कड दुहेरी दिसली, किंवा तिच्यावरून एक बारीक रेघ ओझरती गेली, तर थांबा आणि एक्स-रेची नळी पुढच्या बाजूनं तिरकी धरून दुसरी फिल्म घ्या. रूट कॅनल करताना दाढेत पाडायचं दार त्रिकोणी न ठेवता मागं-आतल्या कोपऱ्याकडं चौकोनी करा, नाहीतर ती नळी राहून जाते आणि सहा महिन्यांनी पेशंट त्याच दाढेनं परत येतो.

खालच्या उपदाढेत नळी वरून ठळक दिसते आणि अर्ध्यावर एकदम पुसट होते. ती तिथं बंद झालेली नसते, दोन फाटे फुटलेले असतात. वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या मुळात दुसरी नळी असतेच असं धरून शोधा, नाही सापडली तर नंतर "नाही" म्हणा. खालच्या दुसऱ्या दाढेची मुळं जुळलेली, शंकूसारखी असतील तर आतली नळी इंग्रजी सी अक्षरासारखी सलग असू शकते. फिल्मवर ती साधीच दिसते, फाइल (नळी साफ करायची बारीक सुई) घालताना मात्र आतल्या दोन फाइली एकमेकींकडं सरकतात, तेव्हा कळतं.

वरच्या जबड्यातल्या मधल्या दाताशेजारच्या पटाशीच्या दाताला, कीड नसताना, मार नसताना, टोकाशी गळू झालं असेल तर दाताच्या मागच्या बाजूला खोल खाच आहे का बघा. फिल्मवर दातात आणखी एक छोटा दात असल्यासारखा दिसला तर तो डेन्स इन्व्हॅजिनाटस. ओह्लर्सनं १९५७ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले, आणि तिसऱ्या प्रकारात खाच मुळाच्या बाहेरपर्यंत जाते. तो नवख्यानं एकट्यानं करू नये, एंडोच्या, म्हणजे रूट कॅनलच्या तज्ज्ञ माणसाकडं पाठवावा. तोंडाच्या दुसऱ्या बाजूच्या जोडीच्या दातालाही तीच खाच असेल तर गळू व्हायच्या आधीच ती बंद करून टाका. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि एका मुलाचा दात त्यानं वाचतो.

पायरी ६: सीबीसीटी (जबड्याचा थ्री-डी स्कॅन) कधी

उत्तर मिळाल्यावर उपचार बदलणार असेल तरच. अक्कलदाढेचं मूळ नळीला चिकटलेलं दिसतंय, इम्प्लांट बसवायचं आहे, गुंतागुंतीचं मूळ आहे, अशा वेळी जरूर. निपाणीहून बसनं येऊन पैसे मोजणाऱ्या माणसाला "एकदा बघून घेऊ" म्हणून पाठवू नका. लहान भागाचाच स्कॅन मागा आणि चिठ्ठीत नेमका प्रश्न लिहा. धातूच्या कॅप किंवा भरलेल्या नळीच्या शेजारी स्कॅनमध्ये काळ्या रेघा पडतात, त्यांना मुळाची चीर समजून दात काढायला निघू नका.

पायरी ७: लिहून ठेवणं

आधी दिसलं ते लिहा, नाव शेवटी. माझ्या कागदावर असं असतं (४५ म्हणजे खालची उजवी दुसरी उपदाढ, ३५ तिची डावीकडची जोडीदार): "४५. टोकाशी गोल काळी सावली, सुमारे ३ मिमी. लॅमिना ड्यूरा अखंड. थंडाला ३५ सारखाच प्रतिसाद. कोन बदलल्यावर सरकते. मेंटल फोरॅमेन. उपचार नको."

आपला पेशंट एका डॉक्टरपाशी राहत नाही. आज बेळगाव, उद्या मिरज किंवा कोल्हापूर, लेक हुबळीला दिली असेल तर तिकडं, पोरगा गोव्यात कामाला असेल तर तिथं. पुढच्या डॉक्टरकडं तुमची फाइल नसते. म्हणून वेगळं काही सापडलं की फिल्मचा फोटो पेशंटच्या फोनवर द्या आणि कार्डावर एक ओळ लिहा (४६ आणि ३६ म्हणजे खालच्या उजव्या-डाव्या पहिल्या दाढा): "४६ ला मागं-आत तिसरं मूळ, ३६ लाही असण्याची शक्यता." पेशंटला ते दाखवून समजावून सांगा, डाव्या बाजूची दाढ दुखली तर हे कार्ड आधी पुढं करा म्हणून.